ईश्वरी न्याय (ख्रिस्ती धर्म)

ईश्वर मानवाच्या कृतींचा, वाणीचा व अंतःकरणातील हेतूंचा निवाडा करतो आणि त्या निवाड्याने अन्यायाचे निवारण, दुष्कृत्याचे शासन व पीडितांचे समर्थन घडवून आणतो, ही ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत श्रद्धा होय. हा न्याय इतिहासात अंशतः प्रकट होतो व युगान्ती पूर्णत्वास जातो, असे मानले जाते. येशू ख्रिस्त जिवंतांचा व मृतांचा न्याय करण्यासाठी पुन्हा येईल, असे कलम ३२५ साली नायसीया येथे तयार झालेल्या व ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल येथे विस्तार पावलेल्या श्रद्धा-विधानात असून बहुतेक ख्रिस्ती पंथांना ते आजही मान्य आहे.

ईश्वरी न्याय म्हटला, की सामान्यतः भय व शिक्षा याच कल्पना मनात येतात. मध्ययुगीन यूरोपमध्ये अंत्यविधीच्या वेळी म्हटले जाणारे ‘दिएस ईरे’ (क्रोधाचा दिवस) हे लॅटिन स्तोत्र आणि मायकेलअँजेलोने सिस्टाइन चॅपेलच्या भिंतीवर १५३६–४१ या काळात रंगविलेले ‘अंतिम न्याय’ हे भित्तिचित्र यांत या भयाचा प्रभावी आविष्कार आढळतो. तथापि बायबलमध्ये मात्र ईश्वर न्याय करण्यास येत आहे, ही वार्ता अनेक ठिकाणी आनंदाची वार्ता म्हणून सांगितलेली आहे. न्याय करणारा ईश्वर चांगला कसा, आणि त्याने केलेला न्याय हे मानवाचे कल्याण कसे, हा प्रश्न ख्रिस्ती विचाराच्या प्रारंभापासून चर्चिला गेला आहे.

शब्द व अर्थ : हिब्रू भाषेतील ‘शाफट’ या क्रियापदाचा अर्थ केवळ निकाल देणे एवढाच नाही, राज्य करणे, हक्क मिळवून देणे व सोडविणे असेही त्याचे अर्थ आहेत. जुन्या करारातील ‘शास्ते’ या ग्रंथात ज्यांची चरित्रे येतात, त्या गिदोन, दबोरा इ. व्यक्ती मुख्यतः इस्राएली लोकांना जुलमी शत्रूंपासून मुक्त करणाऱ्या आहेत. ‘मिश्पाट’ (न्याय) हा शब्द बहुधा ‘त्सदाका’ (नीतिमत्त्व) या शब्दाच्या जोडीने येतो आणि त्या दोहोंनी मिळून विस्कटलेले संबंध पुन्हा नीट लावणे असा आशय व्यक्त होतो. नव्या करारातील ग्रीक ‘क्रिनेइन’ या क्रियापदाचा मूळ अर्थ वेगळे करणे, निवडणे असा आहे. मराठीतील ‘निवडणे’ व ‘निवाडा’ या शब्दांतही असाच संबंध दिसतो. धान्यातील खडे वेगळे काढण्याची क्रिया धान्याच्या हिताची असते. न्यायाच्या कल्पनेत हा अर्थ सुप्त रूपाने आहे.

जुना करार : प्राचीन इस्राएलमध्ये न्यायदान गावाच्या वेशीत बसणारे वडीलधारे लोक करीत. विधवा, अनाथ व परदेशी यांची अडचण न्यायाधीशाचे भय ही नसून त्यांचे गाऱ्हाणे कोणी ऐकून घेत नाही, ही होती. लाच देण्याची ऐपत असलेल्या प्रतिपक्षापुढे त्यांचा टिकाव लागत नसे. ज्याला लाच चालत नाही व जो तोंड पाहून निकाल देत नाही, असा न्यायाधीश येणे ही त्यांच्या दृष्टीने सुटकाच होती. ९६ व ९८ या स्तोत्रांत परमेश्वर न्याय करण्यास येत असल्याने समुद्र, शेते, वृक्ष, नद्या व पर्वत हर्ष करतात, असे वर्णन आहे, ते या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. इंग्रज लेखक सी. एस. लुइस (१८९८–१९६३) याने स्तोत्रांवरील आपल्या ग्रंथात (१९५८) या संदर्भात एक मार्मिक भेद दाखविला आहे : ख्रिस्ती भाविक ईश्वरी न्यायाची कल्पना फौजदारी खटल्याप्रमाणे करतो व स्वतःस आरोपीच्या जागी पाहतो, स्तोत्रकर्ता ती दिवाणी दाव्याप्रमाणे करतो व स्वतः फिर्यादी असतो. 

संदेष्ट्यांनी या कल्पनेस आत्मपरीक्षणाची जोड दिली. इ. स. पू. आठव्या शतकातील आमोस हा यहूदा प्रांतातील मेंढपाळ उत्तरेकडील इस्राएल राज्यात जाऊन उपदेश करू लागला. त्याच्या ग्रंथाच्या प्रारंभी दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन व मवाब या शेजारच्या राष्ट्रांचे अपराध येतात : गावेच्या गावे गुलाम म्हणून विकणे, गर्भवती स्त्रियांची पोटे चिरणे इत्यादी. श्रोत्यांना हे ऐकणे सुखाचे वाटले असावे. परंतु त्यानंतर आमोस यहूदाकडे व अखेरीस खुद्द इस्राएलकडे वळतो आणि जोड्याच्या जोडासाठी गरिबाला विकणाऱ्या समाजास ‘परमेश्वराचा दिवस’ प्रकाशाचा नव्हे, तर अंधाराचा ठरेल, असे बजावतो. ईश्वर आपल्या माणसांचाही पक्षपात करीत नाही, ही त्याच्या न्यायाच्या चांगुलपणाची पहिली कसोटी येथे मांडली गेली.

न्यायाने अपराध्याचे डोळे उघडतात, हा विचार दावीद राजाच्या कथेत येतो. उरीयाच्या पत्नीचा अभिलाष धरून राजाने उरीयाला युद्धात मारविले. तेव्हा नाथान संदेष्ट्याने एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी कशी हिरावून घेतली, ही गोष्ट त्याला सांगितली. राजा संतापून त्या श्रीमंतास दोषी ठरवतो व त्याच क्षणी तो माणूस आपणच आहोत, हे त्याला कळते. येथे निवाडा बाहेरून लादलेला नसून अपराध्याच्या तोंडूनच वदविलेला आहे. बाबिलोनच्या बंदिवासात उपदेश करणाऱ्या यहेज्केलाने (इ. स. पू. सहावे शतक) प्रत्येक व्यक्ती स्वतःच्याच कृत्यांना उत्तरदायी असते आणि दुष्टाच्या मरणात ईश्वराला संतोष नसून त्याने मागे फिरून जगावे, हीच त्याची इच्छा असते, असे सांगितले. योनाच्या ग्रंथात हाच विचार उपरोधाने येतो. क्रूरपणासाठी कुप्रसिद्ध असलेले निनवे शहर पश्चात्ताप करते व वाचते. या दयेचा राग येतो तो संदेष्ट्यालाच. ‘उत्पत्ती’ या ग्रंथात सदोम शहराचा नाश टाळण्यासाठी अब्राहाम ईश्वराशी घासाघीस करतो व सर्व जगाच्या न्यायाधीशाने न्यायाने वागावयास नको काय, असे त्यालाच विचारतो. ईश्वराच्या न्यायावर प्रश्न करण्याची मुभा भक्ताला आहे, हे या कथेतून सूचित होते. ईयोबाचा संपूर्ण ग्रंथ अशा प्रश्नांचाच आहे.

अर्थात जुन्या करारातील सर्वच वृत्तान्त या चौकटीत सहज बसत नाहीत. जलप्रलय व ‘यहोशवा’ या ग्रंथातील कनानी नगरांचा समूळ संहार यांत निरपराध बालकेही बळी पडतात. काही टीकाकारांनी ही वर्णने रूपकात्मक मानली, काहींनी ती त्या काळच्या युद्धवर्णनाच्या अतिशयोक्त परिभाषेत लिहिलेली असल्याचे दाखविले. तथापि सर्वांचे समाधान होईल असे उत्तर मिळालेले नाही.

नवा करार : येशूच्या उपदेशात न्यायाचा विषय वारंवार येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायाच्या चित्रात (अध्याय २५) मेंढपाळ मेंढरे व शेरडे वेगळी करतो, त्याप्रमाणे सर्व राष्ट्रांतील लोक वेगळे केले जातात. भुकेल्यास अन्न, तान्हेल्यास पाणी, परक्यास आसरा व उघड्यास वस्त्र दिले की नाही, आजाऱ्याची व बंदिवानाची भेट घेतली की नाही, एवढीच तेथील कसोटी आहे. न्यायाधीश स्वतःस त्या भुकेल्याशी व बंदिवानाशी एकरूप मानतो आणि दोन्ही बाजूंचे लोक हे ऐकून आश्चर्यचकित होतात. ज्यांची दखल जगाने घेतली नाही, त्यांच्याशी केलेले वर्तनच अखेरीस निर्णायक ठरते.

योहानाच्या शुभवर्तमानात निवाडा हा भविष्यकाळापुरता मर्यादित नाही. प्रकाश जगात आला आणि माणसे त्याकडे वळतात वा अंधारात राहणे पसंत करतात, यातच निवाडा होत असतो. पुत्राला पाठविण्याचा हेतू जगाला दोषी ठरविणे हा नसून त्याचे तारण करणे हा आहे, असे तेथे म्हटले आहे. गहू व निदण यांच्या दृष्टान्तात निदण उपटताना गहूही उपटला जाईल, म्हणून कापणीपर्यंत थांबण्यास धनी सांगतो. न्यायाला होणारा विलंब येथे सहनशीलतेचा द्योतक ठरतो व निवाड्याचा अधिकार माणसांनी आपल्या हाती घेऊ नये, असाही बोध होतो. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सूड ईश्वरावर सोपवून भुकेल्या शत्रूला खाऊ घालण्याचा उपदेश याच आधारावर केला आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रत्येकाच्या कामाची परीक्षा अग्नीने होईल, काम जळाले तरी तो मनुष्य मात्र वाचेल, असे सांगून त्याने शोधक अग्नीची कल्पना मांडली.

आद्य ख्रिस्ती विचारवंत : दुसऱ्या शतकात मार्किऑन याने न्याय व चांगुलपणा यांची फारकत केली. जुन्या करारातील जगन्निर्माता न्यायी परंतु कठोर असून येशूने प्रकट केलेला ईश्वर निराळा व केवळ चांगला आहे, असे त्याचे मत होते. सु. १४४ मध्ये रोममधील ख्रिस्ती संघाने त्याला बहिष्कृत केले. आयरेनेअस व टर्टुलियन यांनी त्याचे खंडन केले. टर्टुलियनचा युक्तिवाद असा, की दुष्कृत्याचा ज्याला राग येत नाही व जो ते करू नका असे सांगून ते करणाऱ्यास जाब विचारीत नाही, त्याला चांगले म्हणण्यात अर्थ नाही. त्याचा चांगुलपणा म्हणजे केवळ उदासीनता होय. न्याय हा चांगुलपणाचा विरोधक नसून त्याचा रक्षक आहे, ही भूमिका पुढे ख्रिस्ती परंपरेने स्वीकारली.

ही शिक्षा कशासाठी, या प्रश्नावर मात्र एकमत झाले नाही. अलेक्झांड्रियाचा ऑरिजेन (सु. १८५–सु. २५४) याने ती वैद्याच्या उपचारासारखी मानली व अखेरीस सर्व जीव ईश्वराकडे परत येतील, अशी आशा व्यक्त केली. निसाचा ग्रेगरी (सु. ३३५–सु. ३९५) याने दोन दृष्टान्त दिले : सोने तापवून त्यातील हीण काढणे आणि चिखलाने माखलेला दोर अरुंद छिद्रातून ओढून काढणे. ताण दोराला बसतो. परंतु ओढणाऱ्याचा हेतू दोर स्वच्छ व्हावा, हाच असतो. ऑरिजेनच्या नावाशी निगडित असलेल्या मतांचा सहाव्या शतकात निषेध झाला. पश्चिमेत सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याचे मत प्रभावी ठरले. ‘ईश्वराचे नगर’ या अर्थाच्या शीर्षकाच्या आपल्या ग्रंथाच्या विसाव्या व एकविसाव्या खंडांत त्याने अंतिम न्याय व अनंत शिक्षा यांचे समर्थन केले. पूर्वेकडील सिरियाक परंपरेतील निनवेचा आयझॅक (सातवे शतक) याने नरकातील वेदना ही ईश्वराच्या प्रेमाचीच वेदना मानली : ज्याच्यावर प्रेम केले गेले व ज्याने त्या प्रेमाचा द्रोह केला, त्याला होणारा तो दाह होय. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स संप्रदायांत हा विचार आजही आदराने उद्धृत केला जातो.

मध्ययुग व धर्मसुधारणा : कॅन्टरबरीचा आर्चबिशप सेंट अन्सेल्म (सु. १०३३–११०९) याने दुर्जनांना क्षमा करणारा ईश्वर न्यायी कसा, हा उलट प्रश्न विचारला व ईश्वराची दया त्याच्या न्यायातूनच उद्भवते, असे उत्तर दिले. सेंट टॉमस अक्वायनस (सु. १२२५–७४) याच्या मते ईश्वराच्या प्रत्येक कृतीत न्याय व दया ही दोन्ही असतात आणि न्यायाच्या मुळाशी दयाच असते, कारण सृष्टीची निर्मिती हे मुळात कोणाचेही देणे नव्हते. लीआँ (१२७४), फ्लॉरेन्स (१४३९) व ट्रेंट (१५४५–६३) येथील धर्मपरिषदांनी शुद्धिस्थानाच्या सिद्धान्तास अधिकृत रूप दिले. मृत्यूनंतरची वेदना सर्वांनाच निष्फळ नसून अनेकांना शुद्ध करणारी असते, असा त्याचा आशय आहे. दान्तेने (१२६५–१३२१) आपल्या महाकाव्यातील नरकाच्या दारावर, हे दार ईश्वराच्या शक्तीने, प्रज्ञेने व आदिप्रेमाने घडविले, अशा अर्थाचा लेख कोरलेला दाखविला आहे. न्याय व प्रेम यांचे ऐक्य किती दूरवर ताणता येते, याचे हे सर्वांत धीट उदाहरण म्हणता येईल.

मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याने आपल्या लॅटिन ग्रंथांच्या १५४५ मधील प्रस्तावनेत आत्मकथन केले आहे. रोमकरांस पत्रातील ‘ईश्वराचे नीतिमत्त्व’ हा शब्दप्रयोग तो प्रथम शिक्षा करणारा न्याय या अर्थी समजत असे व त्यामुळे न्यायी ईश्वराविषयी त्याच्या मनात द्वेष दाटून येई. पुढे दीर्घ चिंतनानंतर त्याला उमगले, की ईश्वर श्रद्धावंतास जे देऊन नीतिमान ठरवतो, ते हे नीतिमत्त्व होय. धर्मसुधारणेतील श्रद्धेने नीतिमान ठरण्याचा सिद्धान्त अशा प्रकारे ईश्वरी न्यायातील चांगुलपणाच्या शोधातूनच आकारास आला.

आक्षेप : या श्रद्धेवर मुख्यतः तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, नैसर्गिक आपत्तींना ईश्वराची शिक्षा मानण्याविषयीचा. १७५५ साली लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा अनेक धर्मोपदेशकांनी तसे म्हटले व व्हॉल्तेअरसारख्या विचारवंतांनी त्यावर टीका केली. या बाबतीत शुभवर्तमानांचा कौल टीकाकारांच्या बाजूचा आहे : शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, असे येशूने स्पष्टपणे सांगितले आहे. दुसऱ्याच्या संकटातून त्याचे पाप शोधणे, हा ईश्वरी न्यायाचा अन्वयार्थ नव्हे.

दुसरा आक्षेप अनंत शिक्षेविषयीचा असून तो अधिक गंभीर आहे. सान्त आयुष्यातील अपराधांना अनंत शिक्षा देणे हे कोणत्या न्यायात बसते, असा तो प्रश्न आहे. जॉन स्ट्यूअर्ट मिल याने १८६५ मध्ये असे प्रतिपादिले, की माणसाला लावतो तोच ‘चांगला’ हा शब्द ईश्वराला त्याच अर्थाने लागू पडत नसेल, तर आपण त्याला चांगला म्हणणार नाही, मग त्यासाठी नरकात जावे लागले तरी चालेल. एफ. डी. मॉरिस या धर्मशास्त्रज्ञास या विषयावरील मतांमुळे १८५३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील प्राध्यापकपद गमवावे लागले होते. विसाव्या शतकात याची निरनिराळी उत्तरे पुढे आली. नरकाचे दार आतून बंद असते, म्हणजे माणूसच ईश्वराला नाकारतो, असे लुइसने म्हटले. जॉन स्टॉट (१९२१–२०११) याने १९८८ मध्ये अनंत यातनांऐवजी अंतिम विलोपाची शक्यता सूचित केली. हान्स उर्स फोन बाल्थाझार (१९०५–८८) याने सर्वांच्या तारणाची खात्री देता येत नसली, तरी त्याची आशा बाळगणे हे कर्तव्य आहे, असे मांडले.

तिसरा आक्षेप असा, की परलोकातील न्यायाच्या आश्वासनामुळे इहलोकातील अन्याय सहन करण्याची वृत्ती बळावते. इतिहासात असे घडले आहे. तथापि याच्या उलटही घडले आहे. अमेरिकन यादवी युद्धाच्या अखेरीस, ४ मार्च १८६५ रोजी, अध्यक्ष अब्राहम लिंकनने आपल्या दुसऱ्या कार्यकालाच्या प्रारंभी केलेल्या भाषणात, अडीचशे वर्षे गुलामांकडून फुकट करून घेतलेल्या श्रमांबद्दल उत्तर व दक्षिण या दोहोंवर आलेला हा ईश्वरी निवाडा असू शकेल, असे म्हटले. विजयी पक्षाच्या नेत्याने स्वपक्षालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आणि त्याच भाषणाचा शेवट कोणाविषयीही आकस न धरण्याच्या आवाहनाने केला. आमोसची परंपरा येथे स्पष्टपणे दिसते. निवाडा आपल्यावरही आहे, या जाणिवेतून येथे सूडबुद्धी नव्हे, तर सलोखा निष्पन्न झाला.

आधुनिक विचार : स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्ट (१८८६–१९६८) याने आपल्या धर्मशास्त्रविषयक बृहद्‌ग्रंथाच्या १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भागात ख्रिस्ताचे वर्णन ‘आमच्या जागी न्याय सोसणारा न्यायाधीश’ अशा आशयाच्या शब्दांत केले. त्याच्या मते क्रूसावर ईश्वराने निवाडा मागे घेतला नाही, तर तो स्वतःवर घेतला. म्हणून ईश्वराचा नकारही त्याच्या होकाराच्या अधीन असतो. क्रोएशियात जन्मलेल्या मिरोस्लाव्ह व्होल्फने युगोस्लाव्हियातील युद्धांच्या पार्श्वभूमीवर लिहिलेल्या ग्रंथात (१९९६) निराळ्या मुद्द्यावर भर दिला. ज्यांची गावे जाळली गेली, ज्यांचे आप्त मारले गेले, त्यांना सूड घेऊ नका असे सांगावयाचे, तर अन्यायाची नोंद कोठेतरी राहते व तिचा निवाडा होतो, याचा आधार त्यांना हवा; न्याय न करणाऱ्या ईश्वराची कल्पना सुरक्षित घरात बसूनच सुचू शकते, असे त्याचे म्हणणे आहे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ मधील आशाविषयक परिपत्रात अंतिम न्यायाचा विचार आशेचा विषय म्हणूनच केला आहे. कृपा म्हणजे सर्व काही पुसून टाकणारा बोळा नव्हे. अत्याचारी व त्यांचे बळी काही घडलेच नाही अशा रीतीने एका पंगतीस बसणार नाहीत, असे त्यात प्रतिपादन आहे.

कर्मसिद्धान्ताशी तुलना : भारतीय वाचकास या संदर्भात कर्मविपाकाची आठवण होणे स्वाभाविक आहे. प्रत्येक कृत्याचे फल अटळ असते, हा समान धागा आहे. कर्मफल हे बहुधा नियमाप्रमाणे प्राप्त होते, तर ख्रिस्ती कल्पनेत निवाडा हा व्यक्ती व ईश्वर यांच्या संबंधात घडतो व म्हणून त्यात पश्चात्तापाला व क्षमेला स्थान असते, असा भेद केला जातो. तथापि तो आत्यंतिक मानता येत नाही. ब्रह्मसूत्रांत ईश्वर हाच फलदाता मानला असून, जगातील दुःखामुळे ईश्वरावर येऊ शकणाऱ्या वैषम्य (पक्षपात) व नैर्घृण्य (निर्दयता) या दोषांचाही तेथे परिहार केलेला आहे. भक्तिसंप्रदायांत ईश्वराची कृपा कर्मबंधनाहून श्रेष्ठ ठरते. न्यायदात्या ईश्वराचा चांगुलपणा कसा राखावयाचा, ही अडचण दोन्ही परंपरांत सारखीच भेडसावते. मराठीत ही ख्रिस्ती कल्पना पूर्वीपासून परिचित आहे. फादर स्टीफन्सच्या ओवीबद्ध ख्रिस्तपुराणात (१६१६) आदामाचे पतन व ख्रिस्ताने केलेले तारण यांची कथा एकाच ग्रंथात सांगितली असल्याने शासन व तारण यांचा संबंध वाचकापुढे सलगपणे येतो.

सारांश, ईश्वरी न्याय तीन अर्थांनी चांगला मानला गेला आहे : तो पीडिताची दाद घेतो, अपराध्यासमोर सत्य ठेवून त्याला पालटण्याची संधी देतो, आणि सूडाचा अधिकार माणसाच्या हातून काढून घेतो. यांपैकी पहिल्या व तिसऱ्या अर्थांविषयी ख्रिस्ती परंपरेत बरेचसे मतैक्य आढळते. ज्याने ती संधी अखेरपर्यंत नाकारली, त्याच्या दृष्टीनेही हा न्याय चांगला म्हणता येईल काय, या प्रश्नावर ऑरिजेन व ऑगस्टीन यांच्या काळापासूनचा मतभेद कायम आहे.